आई-बाबांचा व्हिसा : कागदांची तयारी कशी करावी?



मंडळाच्या यंदाच्या निधी-संकलन पुस्तिकेसाठी "काहीतरी उपयोगाचं लिही" असा संपादक समितीचा फोन आला, तेव्हा मी आधी हातच वर केले. कविता मला जमत नाही, आणि प्रवासवर्णन लिहावं असा प्रवास अजून घडलेला नाही. शिक्षणाने इंजिनियर, पेशाने सॉफ्टवेअरवाला, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधायच्या हे आपलं काम. पण गेल्या काही वर्षांत मंडळातल्या बऱ्याच जणांच्या आई-वडिलांचे व्हिसाचे अर्ज आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाबरोबर तपासले गेले आहेत. तेव्हा म्हटलं, त्यावरच लिहू या.

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. कोणाचं प्रकरण गुंतागुंतीचं असेल, पूर्वी मुक्काम लांबला असेल किंवा ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल, तर त्यांनी इमिग्रेशनच्या वकिलालाच गाठावं. खाली आहे ते साध्या, सरळ प्रकरणासाठी : आई-बाबा महाराष्ट्रात, आपण इथे अमेरिकेत, आणि त्यांना दोन-तीन महिने इकडे यायचं आहे. त्यासाठी लागतो तो बी-१/बी-२ व्हिसा, म्हणजे आपल्या बोलण्यातला 'व्हिजिटर व्हिसा'.

माझी चूक

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. २०१८ च्या जूनमध्ये आमच्याकडे पाळणा हलणार होता. आई-बाबांनी मे महिन्यात यावं असं ठरलं. बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात शिक्षक होते, निवृत्त झालेले. पेन्शन, स्वतःचं घर, थोडी शेती, सगळं रीतसर. मला वाटलं, यात अडचण ती काय येणार?

ऑफिसात रिलीज चालू होती. रात्री एक वाजता घरी बसून मी दोघांचे अर्ज एका बैठकीत भरले. त्यात एक प्रश्न असतो : तुमचे जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का? मी माझं नाव घातलं. माझी धाकटी बहीण तेव्हा टेक्सासमध्ये एम.एस. करत होती. ती विद्यार्थिनी, कायमची थोडीच आली आहे, असा विचार करून मी तिचं नाव घातलं नाही. आई-बाबांना अर्ज वाचूनही दाखवला नाही. वर कागदांची एक जाडजूड फाइल करायला लावली, सुमारे दीडशे पानांची, आणि फोनवरून वीस प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतली.

मुंबईला खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, "मुलं किती? कुठे असतात?" बाबांनी खरं ते सांगितलं : "दोन. दोघंही अमेरिकेतच आहेत." अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, तोच प्रश्न पुन्हा विचारला, थोडा वेळ टाइप केलं आणि पासपोर्ट व एक छापील कागद परत दिला. दोन-तीन मिनिटांत खेळ संपला. फाइल कोणी उघडलीसुद्धा नाही.

बाबांचा फोन आला. एवढंच म्हणाले, "मार्क कमी पडले रे."

नकाराचं नेमकं कारण अधिकारी सांगत नाहीत, त्यामुळे माझ्या चुकीमुळेच नकार आला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या रात्री अर्जाची प्रत काढून पहिल्या ओळीपासून वाचली, तेव्हा बाबांचं खरं उत्तर आणि माझा अर्ज यांत पडलेली फट मला स्पष्ट दिसली. मुलीचं बारसं जुलैमध्ये झालं. आत्या टेक्सासहून आली, कानात नाव तिने सांगितलं. आईने पाळणा व्हिडिओ कॉलवरून म्हटला. तिचा आवाज दोन सेकंद उशिरा येत होता, त्यामुळे इकडच्या बायकांचा सूर आणि तिचा सूर काही केल्या जुळेना. शेवटी बाकीच्या गप्प बसल्या आणि तिने एकटीने म्हटला.

असो. आता मुद्द्याकडे वळू.

अधिकारी काय बघतो?

हे समजलं की बाकीचं निम्मं काम आपोआप सोपं होतं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात कलम २१४ (बी) आहे. त्याचा सरळ अर्थ असा : व्हिजिटर व्हिसा मागायला आलेला माणूस इथे कायमचा राहायला निघाला आहे असंच अधिकाऱ्याने गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे "मुलगा चांगला कमावतो, तो आमचं सगळं बघेल" हे आपल्याला भूषण वाटणारं वाक्य तिथे फारसं उपयोगी नाही. अधिकाऱ्याच्या डोक्यात प्रश्न असतो तो वेगळाच : हे दोघं परत का जातील?

म्हणून आपली तयारी 'आम्ही किती श्रीमंत' हे दाखवण्यासाठी करायची नाही. 'आमचं घरदार, माणसं, पेन्शन, शेती, रोजचं आयुष्य इकडे आहे आणि तिकडे आम्ही भेटायला चाललो आहोत' हे दिसलं पाहिजे. आणि ते दाखवायला आपल्या आई-वडिलांना काही रचावं लागत नाही. ते खरंच असतं!

अर्ज हाच सगळ्यात महत्त्वाचा कागद

फाइल राहू द्या बाजूला. खरा कागद एकच, तो म्हणजे डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज. अधिकाऱ्यासमोर पडद्यावर तोच असतो. तो प्रत्येकाचा वेगळा भरायचा, आई-बाबा एकत्र जाणार असले तरी. भरताना या गोष्टी सांभाळा :

१) 'एए' ने सुरू होणारा अर्जक्रमांक आणि सुरक्षाप्रश्नाचं उत्तर पहिल्या मिनिटाला वहीत लिहून ठेवा. वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही तर अर्ज बंद पडतो. प्रत्येक पानानंतर 'सेव्ह' करा. अर्धवट भरलेला अर्ज तीस दिवस शिल्लक राहतो.

२) जवळचे नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, वाग्दत्त वर-वधू, मुलं आणि सख्खी भावंडं. ते इथे कोणत्याही व्हिसावर असोत, विद्यार्थी असोत, नाव घालायचंच. माझी चूक तुम्ही करू नका.

३) गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, हा प्रश्न असतो. आई-बाबा म्हणतील, "आम्ही कुठे गेलो परदेशी?" त्यांना पशुपतिनाथाची आठवण करून द्या. यात्रा कंपनीबरोबर काठमांडूला जाऊन आलेल्या कितीतरी जणांच्या लक्षातच नसतं की नेपाळ हा वेगळा देश आहे, कारण पासपोर्टावर शिक्का नसतो.

४) तुमच्यासाठी कोणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का, पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का, हे प्रश्न असतात. उत्तर 'हो' असेल तर 'हो'च लिहा. पूर्वीचा नकार त्यांच्या नोंदीत असतोच. दुसऱ्या खेपेला मलाही एका हितचिंतकाने सांगितलं होतं, "कशाला लिहितोस, जुनं झालं ते." ऐकू नका. एकदा नकार आलेल्याला पुढे व्हिसा मिळू शकतो, पण जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते.

५) गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची माहिती २०१९ पासून विचारली जाते. बाबांचं फेसबुक असतं, पण त्यावर कोणत्या नावाने खातं आहे हे त्यांना ठाऊक नसतं, कारण ते भाच्याने काढून दिलेलं असतं. आधी विचारून घ्या.

६) 'पासपोर्ट बुक नंबर' या रकान्यात अडायचं कारण नाही. आपल्या भारतीय पासपोर्टाला तसा वेगळा क्रमांक नसतो, तिथे 'लागू नाही' अशी खूण करायची.

७) अर्ज भरायला कोणी मदत केली का, असा प्रश्न असतो. तुम्ही भरला असेल तर तुमचं नाव द्या. त्यात लाज नाही. मात्र शेवटचं 'सही करून सादर करा' हे बटण अर्जदाराने स्वतः दाबायचं असा नियम आहे. म्हणून व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून, सगळी उत्तरं मराठीत वाचून दाखवून, मग त्यांच्याकडून दाबून घ्या. या एका तासात निम्म्या चुका सापडतात. आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात, आणि तो टाळून रात्री एक वाजता कोड पुढे ढकलला की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

नावं आणि तारखा

आपल्या मराठी घरांत खरी गंमत इथे आहे. आपलं नाव तीन भागांचं : स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात रकाने दोनच : आडनाव आणि दिलेलं नाव. डीएस-१६० मध्येही दोनच. तेव्हा पासपोर्टात जसं आहे तसंच, अक्षरागणिक, अर्जात उतरवायचं. शाळेच्या दाखल्यावर काय आहे, बँकेत काय आहे, हे इथे चालत नाही.

आडनावाचा रकानाच रिकामा आणि सगळं नाव दुसऱ्या रकान्यात, असा पासपोर्ट असेल तर व्हिसावर ते सगळं नाव आडनाव म्हणून येतं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी तीन अक्षरं छापून येतात. त्याचा अर्थ 'पहिलं नाव माहीत नाही'! व्हिसा चालतो, पण पुढे विमानाचं तिकीट काढताना डोकेदुखी होते. वेळ हाताशी असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा.

आईच्या बाबतीत माहेरचं नाव हा वेगळा विषय. इतर कोणत्या नावाने ओळखले जात होता का, या प्रश्नात लग्नाआधीचं पूर्ण नाव द्यायचं. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं असतं. तेही द्या. अर्जात एक जागा स्वतःच्या लिपीत पूर्ण नाव लिहिण्यासाठी असते, तिथे देवनागरीत लिहायचं. माझी आई ते पाहून खूश झाली : "अरे वा, अमेरिकेच्या फॉर्मवर मराठी!"

आता जन्मतारीख. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, पोराला शाळेत घालताना नक्की तारीख कोणाला ठाऊक नसायची, मग मास्तर १ जून लिहून मोकळे. माझे बाबा स्वतः १ जूनवाले, आणि त्यांनीही पुढे कित्येकांना १ जूनवाले केलं असणार. यात घाबरण्यासारखं काही नाही. पासपोर्टात जी तारीख आहे तीच सगळीकडे. फक्त मुलाखतीत "तशी खरी तारीख वेगळी आहे, आई सांगायची की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी..." ही गोष्ट सुरू करू नये, एवढं बाबांना सांगून ठेवा.

फोटो, फी आणि तारीख

फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सहा महिन्यांच्या आतला. नोव्हेंबर २०१६ पासून चष्मा काढूनच फोटो काढायचा आहे. गावातल्या स्टुडिओत पासपोर्टाचा फोटो मागितला तर वेगळ्या मापाचा देतात. 'अमेरिकेच्या व्हिसाचा' असं स्पष्ट सांगावं.

व्हिजिटर व्हिसाची फी २०२३ च्या जूनपर्यंत १६० डॉलर होती, तेव्हापासून १८५ डॉलर झाली. २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात आणखी किमान २५० डॉलरच्या वेगळ्या शुल्काची तरतूद केली आहे. तेव्हा पैसे भरताना त्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच पाहावा, माझ्या लेखात नव्हे. नकार आला तरी अर्जाची फी परत मिळत नाही.

भारतात दोन वेळा जावं लागतं. एकदा व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, आणि मग वकिलातीत मुलाखतीला. मुंबईची वकिलात २०११ च्या अखेरीपासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. ब्रीच कँडीच्या फुटपाथवर पहाटेपासून उभं राहिलेली पिढी अजून तिकडच्याच गोष्टी सांगते, त्यामुळे टॅक्सीवाल्याला पत्ता नीट सांगा! दोघांची वेळ एकत्रच घ्या. अर्जावरचा क्रमांक आणि वेळ घेताना दिलेला क्रमांक एकच आहे याची खात्री करा. चूक सापडून अर्ज नव्याने भरला असेल तर क्रमांक बदलतो, आणि तो तिकडेही बदलावा लागतो.

तारीख कधी मिळेल हे सांगता येत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईला पहिल्या व्हिसासाठी प्रतीक्षा नऊशे दिवसांच्या वर गेली होती. त्या काळात लोक बँकॉकला जाऊन मुलाखत देऊन आले. सप्टेंबर २०२५ पासून मात्र नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा असा नियम आहे, त्यामुळे ती वाट आता धरू नये. त्याच महिन्यापासून मुलाखतीतून मिळणारी सूटही कमी झाली. ७९ वर्षांवरील आजी-आजोबांना पूर्वी वयामुळे सूट असे, ती आता सरसकट नाही. जुना व्हिसा संपून वर्ष झालं नसेल तर नूतनीकरणात काही जणांना अजून सूट मिळू शकते. थोडक्यात, सहा महिने आधी जागे व्हा. डोहाळजेवणाच्या दिवशी नव्हे, बातमी कळल्याच्या आठवड्यात.

फाइल कशी लावावी?

तीन पारदर्शक फोल्डर पुरेत.

पहिला, आवश्यक कागद : चालू पासपोर्ट, आधीचे सगळे जुने पासपोर्ट, डीएस-१६० चं पुष्टिपत्र (बारकोड असलेलं पान), भेटीच्या वेळेचं पत्र आणि एक फोटो. हा फोल्डर हातात. प्रत्येकाचा वेगळा.

दुसरा, परत येण्याची कारणं : पेन्शनचे कागद आणि पासबुक, सहा महिन्यांचं बँक खात्याचं विवरण, मुदत ठेवी, आयकर विवरणपत्र भरत असतील तर ते, घरपट्टीची पावती, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. डिजिटल सहीचा सातबारा आता ऑनलाइन मिळतो, त्यासाठी तलाठी कार्यालयात खेपा घालाव्या लागत नाहीत. दुकान किंवा दवाखाना असेल तर त्याची नोंदणी. मुलाखतीच्या आधल्या आठवड्यात खात्यात आठ-दहा लाख रुपये आणून ठेवू नका. पेन्शनरच्या खात्यात पेन्शनच दिसू दे, तेच खरं आणि तेच शोभतं.

तिसरा, आपले कागद : आपल्या पासपोर्टाची आणि व्हिसाची, आय-७९७ ची किंवा ग्रीन कार्डाची प्रत, नोकरीचं पत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, घराचा भाडेकरार. लोक मला नेहमी विचारतात, आमंत्रणपत्र आणि आय-१३४ हे हमीपत्र लागतं का? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने स्वच्छ सांगितलं आहे की व्हिजिटर व्हिसासाठी आमंत्रणपत्र किंवा हमीपत्र लागत नाही, आणि व्हिसा द्यायचा की नाही हे त्यावर ठरत नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर एक पानी पत्र जोडा. पण रात्र जागून नोटरी शोधत फिरू नका.

दुसरा आणि तिसरा फोल्डर अधिकाऱ्याने मागितला तरच द्यायचा. बहुतेक वेळा मागत नाहीत. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, मोठ्या पिशव्याही नाहीत. म्हणून आपला इथला पत्ता, फोन आणि कंपनीचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पहिल्या फोल्डरमध्ये ठेवा.

मुलाखत

मुंबईला मुलाखत मराठीत देता येते. आई-बाबांना इंग्रजीत ओढाताण करायला लावू नका. वेळ घेताना आणि खिडकीशी तसं सांगावं.

प्रश्न साधे असतात. कशासाठी जाताय? किती दिवस? मुलगा काय करतो, किती वर्षं तिकडे आहे? तुम्ही काय करता? खर्च कोण करणार? आणखी मुलं आहेत का, कुठे असतात? उत्तरं पाठ करून घेऊ नका. पहिल्या खेपेला मी बाबांकडून माझं पदनाम घोकून घेतलं होतं : 'सीनियर सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनियर'. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "तेहतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, घोकंपट्टी करू नका, समजून घ्या. आणि तू मलाच घोकायला लावतोस?" मग त्यांनी मला माझं काम समजावून सांगायला लावलं. अर्धा तास लागला. इतकी वर्षं मी काय करतो हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

खिडकीवर त्यांनी सांगितलं, "बँकेचे व्यवहार ज्या प्रोग्रॅमवर चालतात, त्यातल्या चुका माझा मुलगा शोधतो." यापेक्षा चांगलं उत्तर मलाही देता आलं नसतं.

किती दिवस राहणार, याचं उत्तर दोघांचं एकच आणि खरं असू द्या. अर्जात दोन महिने, आईच्या तोंडी "बघू, सहा महिने" असं नको.

नकार आला तर

२१४ (बी) खाली नकार आला तर त्यावर अपील नसतं, पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नसते. नवा अर्ज, नवी फी. मात्र काहीच न बदलता पंधरा दिवसांत पुन्हा जाण्यात अर्थ नाही. आधी अर्जाची प्रत काढून वाचा, चूक सापडते का पाहा. २२१ (जी) लिहिलेला कागद मिळाला तर ते प्रकरण अजून अपुरं आहे असा अर्थ : काही कागद हवे आहेत किंवा तपासणी बाकी आहे. त्यावर लिहिलेल्या सूचना पाळायच्या.

आणि आई-बाबांना एक गोष्ट जरूर सांगा. हा त्यांच्या अब्रूचा निकाल नव्हे. आयुष्यभर कोणापुढे हात न पसरलेला माणूस खिडकीवरून परत येतो, तेव्हा गावात काय सांगायचं हा प्रश्न त्याला फार लागतो. बाबा दोन महिने वाचनालयात गेले नव्हते, हे मला आईने नंतर सांगितलं.

मिळाल्यावर

भारतीयांना हा व्हिसा साधारणपणे दहा वर्षांसाठी, अनेक वेळा ये-जा करण्यासाठी मिळतो. पण दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षांचा मुक्काम नव्हे. किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ या नोंदीत असते, आणि ती आता ऑनलाइन बघायची असते. आई-बाबा घरी आले, चहा झाला, की पहिलं काम ती नोंद काढून छापून फ्रिजवर लावणं. आजारपणामुळे मुक्काम वाढवायची वेळ आलीच तर ती तारीख उलटायच्या आत आय-५३९ अर्ज करावा लागतो.

मधल्या काळात पासपोर्ट संपला तरी त्यातला व्हिसा चालू राहतो. नवा आणि जुना, दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे. जुना फाडू नका, टाकू नका.

आरोग्य विमा व्हिसासाठी सक्तीचा नाही, पण तो न घेता आई-बाबांना इथे आणू नका. घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलं आहे ते नीट वाचा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह बरोबर असाव्यात.

शेवटी

दुसऱ्या खेपेला आम्ही अर्ज दोन रविवार बसून भरला. बहिणीचं नाव घातलं, आधीचा नकार लिहिला, फाइल चाळीस पानांवर आणली. बाबांनी प्रत्येक पान लाल पेन घेऊन तपासलं आणि माझ्या स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या. त्या डिसेंबरात दोघं नेवार्कला उतरले. मुलगी सहा महिन्यांची झाली होती. बारसं हुकलं ते हुकलंच, ते काही परत येत नाही. पण आईने आल्या दिवशी, जेट लॅगमध्ये, रात्री अडीच वाजता पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. या वेळी आवाज उशिरा येत नव्हता.

मंडळी, तुमचा अर्ज सादर करण्यापूर्वी एकदा दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. कोणी नसेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठा, मी आनंदाने वाचीन. फीबिी काही नाही. पेढे आणायचा विचार असेल तर तेही नकोत, गोड आता आमच्या घरी कोणालाच चालत नाही. त्याऐवजी या पुस्तिकेच्या शेवटी देणगीचा फॉर्म आहे, तो भरा. तो एकच पानाचा आहे आणि त्याला मुलाखत लागत नाही!